छोटे कीटक: आधी झाड ओळखा, मग किडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात राहतो, फुलपाखरं आणि चतुर बऱ्यापैकी ओळखता येतात, आता त्याहून लहान कीटकांकडे वळायचं आहे. फोनला मॅक्रो लेन्स लावून फोटो काढतो, पण निम्मे फोटो 'कुठलीतरी माशी' आणि उरलेले 'कुठलातरी भुंगेरा' यापुढे सरकत नाहीत. पुस्तक कोणतं घ्यावं आणि मायक्रोस्कोप कोणता?

दोन्ही सध्या राहू द्या. तुमची अडचण साधनांची नाही, फुलपाखरांनी लावलेल्या सवयीची आहे. फुलपाखरू आधी दिसतं, मग त्याचं नाव कळतं आणि त्याची अळी कोणत्या झाडावर वाढते हे आपण सवडीने शिकतो. पाच मिलिमीटरच्या खाली हा क्रम उलटा लावावा लागतो. आधी झाड, मग झाडावरची नेमकी जागा, मग तिथे तो किडा काय करतोय, आणि नाव सगळ्यात शेवटी, तेही मिळालं तर. दोन मिलिमीटरच्या काळसर, चार पंखांच्या किड्याचा नुसता फोटो पाठवलात, तर त्यात शेकडो जाती बसू शकतात. तोच किडा उंबराच्या फळातून बाहेर पडताना टिपलात, तर शेकड्यांवरून गोष्ट एका आकडी संख्येवर येते.

म्हणून सुरुवात उंबरापासून करा असं मी सगळ्यांना सांगतो. उंबरात किडे असतात हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. फळ फोडायचं, फुंकर मारायची आणि खायचं, हे गावाकडे सगळ्यांनी केलेलं असतं. पण ज्याला आपण फळ म्हणतो, तो आतून फुलांनी भरलेला बंद गोळा असतो. त्याच्या टोकाला खवल्यांनी मिटलेलं बारीक तोंड असतं. उंबराचं परागण करणारी गांधीलमाशीच्या गणातली चिमुकली मादी, सेराटोसोलेन फ्युसिसेप्स, त्या खवल्यांमधून आत घुसते. जागा इतकी अरुंद असते की तिचे पंख तिथेच तुटून पडतात. आत गेल्यावर ती फुलांवर पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढची पिढी तयार झाली की फळाच्या आतच आधी नर आपापल्या फुलांतून बाहेर येतात: पिवळसर, बिनपंखी, बाहेरच्या जगात काहीच काम नसलेले. ते माद्यांशी मीलन करतात, फळाच्या भिंतीला बोगदा पाडतात, आणि त्या बोगद्यातून पराग घेतलेल्या माद्या बाहेर पडतात. त्यांच्याकडे एखाद-दोन दिवसांचं आयुष्य असतं आणि तेवढ्यात योग्य वयाची फळं असलेलं दुसरं झाड गाठायचं असतं. एका झाडावरची फळं साधारण एकाच वेळी तयार होतात, पण वेगवेगळ्या झाडांचा बहर वेगवेगळ्या वेळी असतो, म्हणून वर्षभर कुठे ना कुठे हे चालू असतं.

आता हे पाहायचं कसं. उंबराची फळं खोडावर आणि जाड फांद्यांवरच लगडतात, त्यामुळे शिडी लागत नाही. कोवळं, टणक फळ घ्या आणि दहापट भिंगाने त्याचं तोंड पाहा. खवल्यांत अडकलेले पारदर्शक पंखांचे तुकडे दिसले तर मादी आत गेली आहे. ब्लेडने उभं चिरा. मादी आत जिवंत किंवा मेलेली सापडेल. मग पूर्ण वाढलेलं पण अजून न पिकलेलं, बाहेर भोक न पडलेलं फळ चिरा. नशीब चांगलं असेल तर नर फुलांच्या गाठी पोखरताना दिसतील. त्याच वयाची दोन-तीन फळं बरणीत घालून तोंडाला मलमल बांधा आणि खोलीतच, उन्हापासून दूर ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी मलमलीखाली माद्या गोळा झालेल्या असतात.

बरणीत सगळे एकसारखे नसतात, आणि खरा अभ्यास इथून सुरू होतो. काहींच्या मागे शरीराहून लांब शेपटीसारखा तंतू असतो. ती अंडी घालायची नळी. या जाती फळात शिरत नाहीत; बाहेर बसून नळी फळाच्या सालीतून आरपार घालतात. काही स्वतःच्या अळीसाठी फुलात गाठ तयार करतात, काहींच्या अळ्या आधीपासून आत असलेल्या अळ्यांवर जगतात. दक्षिण भारतातल्या उंबरावर झालेल्या अभ्यासात परागण करणाऱ्या एका जातीशिवाय अशा सहा जाती नोंदलेल्या आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत यावर बरीच वर्षं काम झालं आहे. त्यांतल्या ॲपोक्रिप्टा वेस्टवूडाय या जातीच्या नळीचं टोक दातेरी असतं आणि त्या दातांत जस्त साठवलेलं असतं, म्हणून केसाएवढ्या नळीने कडक फळ भोसकता येतं, हे 2014 साली प्रसिद्ध झालं. जस्त तुम्हाला घरी दिसणार नाही. पण ती मादी पोट दुर्बिणीच्या नळ्यांसारखं लांबवून, पाय ताणून, नळी सालीत उतरवताना भिंगाखाली सहज दिसते. सकाळी फळांच्या घोसासमोर स्टूल टाकून अर्धा तास बसा, पुरे.

आणि बसलाच आहात तर मुंग्यांकडेही पाहा. पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या, ज्यांना कोकणात ओंबील आणि गोव्यात हुमले म्हणतात, फळांवर गस्त घालतात आणि नळी आत अडकलेल्या माद्या नेमक्या पकडतात. कोणती मुंगी कोणत्या वयाच्या फळांवर जास्त असते, ती कोणाला पकडते आणि कोणाला सोडते, हे वर्षभर एका झाडावर लिहून काढलंत तर ती नोंद शंभर अनोळखी फोटोंपेक्षा मोलाची. (उंबर देवाचं झाड आहे हेही ध्यानात असू द्या. दत्ताच्या पारावरच्या झाडाला ब्लेड लावू नका. ओढ्याकाठी भरपूर उंबर असतात.)

उंबर जवळ नसेल तर रुई शोधा. पडीक जागा, रेल्वेचा कडेचा पट्टा, गावाबाहेरचा रस्ता, कुठेही असते. कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा दाटलेला असतो, एफिस नेरी. त्या गर्दीत काही मावे फुगून, तपकिरी, कागदासारखे कोरडे होऊन चिकटलेले दिसतील. त्यांना ममी म्हणतात. आत परजीवी माशीची (नावाला माशी, पण गांधीलमाशीच्या गणातली) अळी मावा खाऊन कोष करून बसलेली असते. काळ्या ममी दिसल्या तर माशीचं कूळ वेगळं. भोक पडलेल्या ममीला भिंग लावा. कडा कापल्यासारखी गोल, एका बाजूला झाकण लटकलेलं, म्हणजे माव्यावरची मूळ परजीवी माशी बाहेर पडली. कडा वेडीवाकडी, कुरतडल्यासारखी असेल तर बहुधा त्या माशीवरही दुसऱ्या माशीने डल्ला मारला आहे. भोक न पडलेल्या ममी पानाच्या तुकड्यासकट एकेका कुपीत ठेवा. एका कुपीत एकच ममी, हा नियम मोडू नका. दोन ठेवल्यात की कोण कशातून आलं ते कायमचं गेलं.

पाळणं या शब्दाला लोक उगाच घाबरतात. छोट्या कीटकांच्या बाबतीत पाळणं म्हणजे बहुतेक वेळा झाडाचा तुकडा बंद करून वाट पाहणं. पानांवरच्या गाठींचं तेच. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर लावलेल्या सप्तपर्णीची पानं गाठींनी भरलेली असतात. त्या गाठी माव्याच्या दूरच्या नात्यातल्या, उड्या मारणाऱ्या सिला कीटकांच्या. आंब्याच्या पानांवरचे चामखिळीसारखे फोड गादमाशीचे, म्हणजे खऱ्या माशीच्या गणातल्या, मच्छराहून नाजूक किड्याचे. करंजाच्या पानांवर तशाच गाठी दिसतात, पण त्या चिरल्या तर कीटक निघणार नाही: ते काम आठ नव्हे, चारच पाय असलेल्या अतिसूक्ष्म कोळ्याचं आहे, असेरिया पोंगामिये. गाठ दिसली की कीटक असं धरून चालू नका आणि बाहेर पडलेला प्रत्येक किडा गाठीचा मालक आहे असंही नाही. मालकाला खाणारे बरेचदा आधी बाहेर येतात.

घराबाहेर पडता येत नाही त्या दिवशीही काम असतं. बाथरूममध्ये अधूनमधून एक काळी गांधीलमाशी दिसते, जिचं चिमुकलं पोट निशाणासारखं वरखाली हलत असतं. ती इव्हानिया, तिची अळी झुरळाच्या अंड्यांच्या डबीत वाढते. लोक तिला चप्पल मारतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. पावसाळ्यात जुन्या पुस्तकांच्या पानांवर धावणारे मिलिमीटरभर फिकट ठिपके म्हणजे लिपोसेलिस; ते बुरशीवर जगतात आणि त्यांच्या एका सर्रास आढळणाऱ्या जातीत नरांशिवायच वंश चालतो. भिंतीवर सरकणारी, दोन्ही टोकांना उघडी, चपटी राखाडी पिशवी तर सगळ्यांनी पाहिली आहे. आत पतंगाची अळी असते.

साधनांबद्दल. दहापट भिंग हवंच. जवाहिऱ्यांकडे असतं ते तीन काचांचं घ्या, प्लास्टिकचं नको. भिंग डोळ्याला टेकवून वस्तू जवळ आणायची, भिंग वस्तूजवळ धरून लांबून बघायचं नाही. पांढरी किंवा फिकट छत्री उलटी धरून वरची फांदी काठीने दोन-तीनदा झोडपा, जे पडेल ते पाहा. एवढ्याने तुडतुडे, सिला, लहान भुंगेरे, सालीवरचे सोसिड (पुस्तकांतल्या लिपोसेलिसचे भाऊबंद), सगळं मिळतं. उचलायला तोंडाने ओढायची नळी करा: औषधाची छोटी बाटली, बुचात दोन नळ्या, तोंडाकडच्या नळीच्या आतल्या टोकाला मलमल. मलमल विसरलात तर काय होईल ते वेगळं सांगत नाही. मुंग्या मात्र या नळीने ओढू नका, त्यांच्या आम्लाने घसा जळतो.

पिवळ्या ताटल्यांत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून गवतात ठेवल्या की सूक्ष्म परजीवी माश्या आपोआप येतात. चहाच्या गाळण्यातून त्या निसटतात, म्हणून खाली मलमल हवी. पण इथे हात आखडता घ्या. एक ताटली, एक सकाळ. तंबूसारखे मोठे सापळे हौशी माणसाने लावूच नयेत असं माझं मत आहे. आठवड्यात बाटली भरते, ती निवडायला वर्ष लागतं आणि मेलेले किडे कपाटात काळे पडतात.

मायक्रोस्कोप घ्यायची वेळ येईल तेव्हा स्टिरिओ घ्या, वीस ते चाळीसपट मोठं दाखवणारा. शाळेतला, काचपट्टीवर पाहायचा मायक्रोस्कोप या कामाला सुरुवातीला निरुपयोगी.

ओळख गणापासून करायची आणि कुळापर्यंत पोचलात तरी समाधान मानायचं. रंग आणि आकारमान सोडून द्या, अवयव मोजा. पंखांची एकच जोडी आणि मागे दोन गाठाळ दांड्या असतील तर ती खरी माशी, मग ती मधमाशीसारखी का दिसेना. पंख म्हणजे बारीक दांडा आणि कडेला लांब केसांची झालर, तोंड शंकूसारखं खाली वळलेलं: फुलकिडे. यांच्या जबड्यांपैकी फक्त डावा वाढतो, तो मात्र भिंगाने दिसणार नाही. मिशी कोपरासारखी मोडलेली आणि पंखात शिरा जवळजवळ नाहीतच: चाल्सिड गटातली परजीवी माशी, उंबरातल्या याच गटातल्या. पंख छपरासारखे मिटलेले आणि मागच्या पायाच्या नळीवर काट्यांच्या रांगा: तुडतुडे. तिथेच टोकाला एक मोठा हलणारा काटा दिसला तर ते भातावरच्या तपकिरी तुडतुड्याच्या कुळातले. खेड्यात दोघांनाही तुडतुडेच म्हणतात आणि शेतकऱ्याच्या कामाला तेवढं पुरतं, तुमच्या कामाला पुरणार नाही.

फोटो काढताना हे अवयव दिसतील असे काढा: वरून एक, बाजूने एक, चेहऱ्याचा एक आणि पंख पसरलेला मिळाला तर एक. शेजारी आलेख कागदाचा तुकडा ठेवला की मिलिमीटर आपोआप नोंदला जातो. मेलेला किडा हवा त्या कोनात बसत नसेल तर तो पारदर्शक हँड सॅनिटायझरच्या जेलमध्ये रोवा. तिथे तो हलत नाही आणि उजेडही छान पसरतो. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपने सुचवलेलं नाव ही फक्त सूचना समजा. जिथले फोटो भरपूर आहेत तिथल्या जाती ते आधी पुढे करतं, आणि आपल्याकडचा मिलिमीटरभराचा किडा त्यात नसण्याचीच शक्यता जास्त. गणावर किंवा कुळावर थांबलेली बरोबर नोंद चुकीच्या जातीपेक्षा केव्हाही चांगली. झाडाचं नाव नोंदीत लिहायला विसरू नका. पुढे कुणी तज्ज्ञ पाहील तेव्हा तो आधी तेच विचारेल.

हंगामाचं एवढंच सांगतो: पहिल्या पावसानंतर आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळं उतू जातं, तेव्हा नवख्या माणसाने एकाच झाडाला धरून राहावं, नाहीतर गोंधळतो. पावसाळ्यात झाडांच्या ओल्या सालीवर रेशमाचे पांढुरके बोगदे पसरलेले दिसतात; कोळ्याचं जाळं समजून लोक पुढे जातात. हलकेच उघडा. आत लांबट, तपकिरी किडे उलटे-सुलटे सारख्याच वेगाने पळतील. हे एम्बिया, पुढच्या पायांतून रेशीम काढणारे. माद्यांना पंख नसतात, काही नर रात्री दिव्यावर येतात. उन्हाळ्यात उंबर, सालीखालची जागा आणि नदीकाठची ओली वाळू एवढ्यावर भागवा.

थोडे नमुने ठेवावेच लागतील, कारण पुष्कळ कुळांत फोटोवरून पुढे जाताच येत नाही. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या काचेच्या छोट्या बाटल्या यासाठी उत्तम. मेडिकलमध्ये मिळणारं सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलीने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर गाव, जिल्हा, तारीख, झाड, पाळून काढला की नुसता पकडला, आणि तुमचं नाव. चिठ्ठी नसलेला नमुना फेकून दिलेलाच बरा.

कायद्याचीही माहिती हवी. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे ताम्हिणी, भीमाशंकर, कर्नाळा, बोरिवलीचं संजय गांधी उद्यान अशा ठिकाणी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मुंगीसुद्धा उचलायची नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत काही कीटकही आहेत. आणि परदेशातला एखादा तज्ज्ञ 'पाठवा, ओळखून देतो' म्हणाला तरी नमुने पोस्टाने पाठवू नका; 2002च्या जैवविविधता कायद्याखाली त्यासाठी मंजुरी लागते. फोटो पाठवा.

देशातच पाहणारे आहेत. भारतीय प्राणी सर्वेक्षणाची स्थापना 1916ची, मुख्यालय कोलकात्यात, पण त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र तुमच्या जवळ, आकुर्डीला आहे. परजीवी माश्या आणि शेतीशी संबंधित कीटकांसाठी बंगळुरूची कृषी कीटक संसाधनांची राष्ट्रीय संस्था, एनबीएआयआर. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 साली भारतात आढळला, तेव्हा त्याच्यावरच्या परजीवी माश्या पोर्तो रिकोहून आणून सोडण्याचं काम याच संस्थेने केलं होतं. मुंबईत बीएनएचएसचा, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा संग्रह आहे. कुठेही जाण्याआधी पत्र लिहा, त्यात एकाच गटाबद्दल विचारा आणि सोबत झाडाचं नाव, चार बाजूंचे फोटो आणि पाळण्याची नोंद जोडा. 'हा कोणता किडा?' एवढ्याच ओळीला उत्तर येत नाही, आणि न देणाऱ्याला मी दोष देत नाही. 'उंबराच्या फळातून, आकुर्डी, बिनपंखी नरांनंतर दोन तासांनी बाहेर आला, नळी शरीराच्या दीडपट' असं लिहिलंत तर समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून वाचतो.

ब्रिटिश काळातल्या फॉना ऑफ ब्रिटिश इंडियाच्या जुन्या खंडांची स्कॅन केलेली प्रत इंटरनेटवर फुकट मिळते. ढेकूण आणि तुडतुड्यांचे खंड 1902पासून निघाले. वर्णनं अजून उपयोगी आहेत, नावं बरीच बदलली आहेत. पुस्तकाचं विचारलं होतं म्हणून सांगितलं. ते उघडण्याआधी बरणीला मलमल बांधून झालेली असू दे.